दोन-तीन दिवस पाणी आले नाही तर घरात किती आणि कसे साठवावे?

तिसरा मजला

नमस्कार. आम्ही परळला एका चार मजली जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात पाच माणसे आहेत: चौऱ्याहत्तर वर्षांची आई, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले. इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत पहाटे साडेचार ते सहा या वेळेत महापालिकेचे पाणी येते, तेथून ते पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि मग सकाळी एक तास व संध्याकाळी पाऊण तास आमच्या नळांना सोडले जाते. एवढ्या पाण्यात आमचे वर्षानुवर्षे नीट भागत आले आहे.

गेल्या महिन्यात पंपाची मोटार जळली. ती वाइंडिंगला गेली आणि अडीच दिवसांनी परत आली. त्या वेळी आमच्याकडे मोरीतले २०० लिटरचे एक पिंप, दोन बादल्या आणि स्वयंपाकघरातला स्टीलचा हंडा एवढाच साठा होता. मोटार संध्याकाळपर्यंत येईल असे सांगितले गेल्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या आंघोळी केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंपाचा तळ दिसला आणि त्या तळाशी बोटभर तपकिरी गाळ, शांपूच्या बाटलीचे एक टोपण आणि धाकट्याची हरवलेली गोटी असा ऐवज निघाला. पुढचे दीड दिवस मी आणि पत्नीने जमिनीखालच्या टाकीतून दोरीने बादली ओढून तीन जिने पाणी चढवले. आईने आम्हाला तांब्याभर पाण्यात भांडी कशी घासावीत हे पुन्हा शिकवले, पण ते शिक्षण दर महिन्याला घेण्याची आमची तयारी नाही.

म्हणून टाक्या विकणाऱ्या एका दुकानदाराकडे गेलो. त्याने माणशी १३५ लिटर या हिशेबाने पाच जणांचे रोजचे ६७५ लिटर मांडले आणि मोरीवरच्या माळ्यावर १००० लिटरची चौकोनी टाकी बसवून देण्याची तयारी दाखवली. माळा चार फूट बाय पाच फूट आहे. "आरामात बसेल, साहेब," असे तो म्हणाला. टाकी त्या जागेत मावेल हे मलाही दिसते. माळा ती पेलेल का, ही माझी शंका आहे. त्याशिवाय, एवढे पाणी खरोखर लागते का आणि साठवलेले पाणी किती दिवस वापरण्याजोगे राहते, याविषयीही जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

गिलावा

दुकानदाराला पैसे दिले नसतील तर देऊ नका, आणि दिले असतील तर परत मागा. बांधकामाच्या साइटवर माझी सव्वीस वर्षे गेली आहेत आणि त्यांतली निम्मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेली आहेत, म्हणून इतक्या ठामपणे लिहितो.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, म्हणजे १००० लिटरची भरलेली टाकी एक टनाहून थोडी जास्तच भरते. तुमचा माळा २० चौरस फुटांचा, म्हणजे साधारण १.८६ चौरस मीटरचा आहे. एक टन वजन त्यावर सारखे पसरले असे धरले तरी दर चौरस मीटरला सुमारे ५४० किलो पडतात. राहत्या घराच्या खोलीची लादी, म्हणजे तुम्ही चालता-फिरता ती मुख्य स्लॅब, भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार, म्हणजे माणसे आणि हलवता येणारे सामान यांचे वजन, धरून आखलेली असते. माळा तर त्याहून पातळ असतो. जुन्या इमारतींत तो बहुतेक वेळा तीन इंचांचा असतो आणि त्यावर ट्रंका, गाद्या, गणपतीच्या सजावटीचे सामान आणि दिवाळीचे आकाशकंदील राहतील एवढ्याच अपेक्षेने घातलेला असतो. पंधरा मोठी माणसे त्या माळ्यावर खेटून उभी केली आहेत आणि ती पुढची दहा वर्षे रात्रंदिवस तिथून हलणार नाहीत, असे डोळ्यांपुढे आणा. दुकानदार टाकी बसवून निघून जाईल आणि त्या माळ्याखाली आंघोळ तुम्हाला करायची आहे.

आता जवळून पाहण्याची गोष्ट. टॉर्च घेऊन मोरीत जा आणि माळ्याची खालची बाजू तिरप्या उजेडात पाहा. सरळ रेषेत गेलेली तडा, तिच्या कडेने तांबूस डाग, किंवा बोटाच्या पेराने ठोकल्यावर भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज येणारा भाग दिसतो का ते तपासा. मुंबईच्या खाऱ्या आणि दमट हवेत, त्यातही मोरीच्या वाफेत, काँक्रीटमधल्या सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते, त्यामुळे आधी पोपडे सुटतात आणि मग सळया उघड्या पडतात. अशा माळ्यावर रिकामी टाकीसुद्धा ठेवू नये, कारण रिकामी टाकी कधी ना कधी भरली जाते. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे तिची संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. तो अहवाल सोसायटीकडे असेल तर मागून घ्या, त्यात तुमच्या मजल्याविषयी काय लिहिले आहे ते वाचा, आणि मगच कोणत्याही मोठ्या वजनाचा विचार करा.

वजन जमिनीवर ठेवायचे झाले तरी ते वाटून ठेवावे लागते. २०० लिटरची दोन पिंपे एकमेकांना खेटून खोलीच्या मध्यावर ठेवण्याऐवजी एक मोरीच्या कोपऱ्यात आणि दुसरे स्वयंपाकघरात बाहेरच्या भिंतीलगत, जिथे खाली तुळई किंवा खांब आहे अशा जागी ठेवा. तुळई कुठे आहे हे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताकडे पाहिल्यावर कळते. लोखंडी घोडी वापरू नका, कारण सगळे वजन चार पायांच्या चार बिंदूंवर येते आणि प्लास्टिकचे पिंपही मधोमध पोट काढते. पिंपाचा तळ पूर्ण टेकेल असा सपाट पाया हवा. गॅलरीत पिंप ठेवण्याचा मोह होतो, कारण तिथे जागा असते. गॅलरी भिंतीतून बाहेर आलेली असते आणि पावसाचा पहिला मार तिलाच बसतो, म्हणून जुन्या इमारतीत तो मोह टाळाच.

मोरीकाठ

वरच्या प्रतिसादाने माळ्याचा प्रश्न मिटवला आहे, तेव्हा मी हिशेबाकडे वळते. माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले, जिथे पाणी पहाटे यायचे आणि घरातला साठा किती आहे हे प्रत्येक बाईला न पाहता सांगता यायचे. दुकानदाराने सांगितलेला माणशी १३५ लिटरचा आकडा खोटा नाही, पण तो नळ वाहत असतानाचा आहे. शहराची पाणीपुरवठा योजना आखताना तो धरला जातो आणि त्यात रोजचे कपडे, फ्लश, लादी असे सगळे येते. पाणी गेलेले असताना कोणीही त्या आकड्याने वागत नाही आणि वागूही नये. आपत्तीच्या छावण्यांसाठी माणशी रोज किमान १५ लिटर धरतात. तेवढे कमीही घरात सोसवत नाही, विशेषतः वयस्कर माणूस असेल तर. खरी गरज या दोहोंच्या मध्ये असते आणि ती घरोघरी निराळी असते.

तुमच्या पाच जणांसाठी मी असे धरेन. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी पाच लिटर, म्हणजे रोज २५ लिटर. यात काटकसर करायची नाही. आंघोळीला माणशी १२ लिटर, म्हणजे ६० लिटर, आणि मुलांना एखाद्या दिवशी ओल्या पंच्याने पुसून घेतले तर त्याहून कमी. भांड्यांना २५ लिटर. उरला संडास, जो सगळ्यांत जास्त पाणी खातो आणि ज्याचा हिशेब लोक सगळ्यांत शेवटी करतात. फ्लशची जुनी टाकी एका वेळी आठ-दहा लिटर सोडते. तेच काम बादलीतून जोराने चार-पाच लिटर ओतल्याने होते, म्हणून पाणी जाताच फ्लशच्या टाकीची खालची तोटी बंद करावी आणि बाजूला बादली-टमरेल ठेवावे. असे केले तर दिवसाला ७५ लिटर पुरतात, आणि त्यांपैकी निदान ५० लिटर तरी दुसऱ्यांदा वापरलेले असावेत: भाज्या-तांदूळ धुतलेले, भांडी विसळलेले, आंघोळीचे परातीत किंवा टबात उभे राहून जमा केलेले. कपडे दोन दिवस थांबतात.

वरचे तीन आकडे आणि संडासाचे उरलेले २५ लिटर यांची बेरीज केली तर सगळ्या घराला मिळून ताजे पाणी रोज १३५ लिटर लागते, म्हणजे अडीच दिवसांना साधारण ३४० लिटर. त्यात चुकीला वाव ठेवून ४०० लिटर धरा. म्हणजे तुमच्याकडे आहे तसेच आणखी एक पिंप आणि पिण्यासाठी निराळी ७० ते ८० लिटरची झाकणाची भांडी एवढ्यात काम भागते. पहिल्या दिवशी आंघोळी झाल्याच नसत्या तर तुमचे आहे ते पिंपही बरेच लांबले असते, हे ओघाने लिहिते, रागावू नये. कोणी "संध्याकाळपर्यंत येईल" म्हणाले की ते परवा येणार असे समजून वागावे, असा आमच्या चाळीतला शिरस्ता होता.

साठ्याची दोन पिंपे झाली की एक वापरायचे आणि दुसरे 'अडीनडीचे' म्हणून कोपऱ्यात झाकून ठेवायचे, ही चूक जवळजवळ प्रत्येक घर करते. ते कोपऱ्यातले पाणी तीन महिन्यांनी उघडले जाते तेव्हा त्याला वास आलेला असतो. दोन्ही पिंपे आलटून पालटून वापरा. आज मोरीतल्या पिंपातून घेतले तर उद्या स्वयंपाकघरातल्या पिंपातून घ्या, आणि ज्यातून घेतले ते त्याच दिवशी पाणी आले की भरून ठेवा. माझ्या आईने पिंपांवर खडूने वार लिहिलेले असत. मी आता फ्रिजवरच्या लोहचुंबकाने एक चिठ्ठी लावते. पिण्याच्या भांड्यातून पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि ते दुसऱ्या कशालाही वापरू देऊ नका. पेला बुडवला की पेल्याबरोबर बोटेही बुडतात.

आणखी एक. नळाला पाणी आले की पहिले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरा. गढूळ किंवा पिवळसर दिसले तर पहिल्या एक-दोन बादल्या संडासासाठी बाजूला काढा आणि स्वच्छ पाणी येऊ लागल्यावर पिंप भरा. असे न केल्यामुळेच पिंपाच्या तळाशी बोटभर गाळ साठतो.

सचिव, मुलुंड

वरचे दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. तुमच्या घरी पाणी नव्हते याचे कारण शहरात पाणी नव्हते हे नव्हे, तर इमारतीत एकच पंप होता हे होते. खालच्या टाकीत पाणी होते. ते तुम्ही दोरीने ओढलेच. त्या परिस्थितीत प्रत्येक घराने आपापली पिंपे वाढवण्यापेक्षा सोसायटीने दुसरा पंप जोडून ठेवणे, तो आठवड्यातून एकदा चालवून पाहणे आणि दोन्ही पंपांच्या पुढे परतीचे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवणे हे स्वस्तही पडते आणि टिकतेही. आमच्याकडे दुसरा पंप आहे. तो आळीपाळीने चालवतो, कारण नुसता पडून राहिलेला पंप ऐन वेळी जाम निघतो. खालच्या टाकीचा बॉल कॉकही, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी तरंगत्या गोळ्याची तोटी, वेळच्या वेळी बदला. तो उघडा अडकला की पहाटे पाणी वाहून जाते, बंद अडकला की टाकी अर्धीच भरते, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्या वेळी सगळे झोपलेले असतात.

पाणी जाण्याची कारणे तीन प्रकारची असतात आणि घरातला साठा त्यांपैकी दोनच प्रकारांना उपयोगी पडतो. पहिला प्रकार म्हणजे तलावांतला साठा कमी झाल्यामुळे होणारी पाणीकपात. तानसा, मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांत मिळून साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास उपयुक्त साठा मावतो, आणि शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पुरवले जाते. म्हणजे सगळे तलाव काठोकाठ भरले तरी ते जेमतेम एक वर्षाचे पाणी असते. पाऊस लांबला की कपात येणारच. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली होती. अशी कपात आठवडेच्या आठवडे चालते, तेव्हा ४०० लिटरच्या पिंपांनी ती भरून निघत नाही. तिथे फक्त वापर कमी करणे एवढेच हातात असते. शिवाय १० टक्के कपात म्हणजे प्रत्येकाच्या बादलीतले दहावा हिस्सा पाणी कमी, असे होत नाही. नळाला तासाभरच पाणी येते अशा ठिकाणी दाब थोडा उतरला की पाइपलाइनच्या टोकाला आणि चढावर असलेल्या इमारतींचे पाणी आधी आणि जास्त तुटते.

दुसरा प्रकार अचानक बिघाडाचा. तानसा आणि वैतरणेचे पाणी बहुतांशी उताराने येते, पण भातसा धरणातून नदीत सोडलेले पाणी पिसे येथे पंपांनी उचलून पांजरापूरला शुद्धीकरणासाठी न्यावे लागते, त्यामुळे तिथली वीज गेली की शहराच्या मोठ्या भागावर परिणाम होतो. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी पिसे येथे ट्रान्सफॉर्मरला आग लागली तेव्हा काही दिवस १५ टक्के कपात करावी लागली होती. जलवाहिनी फुटणे, झडपा बदलण्यासाठी एखाद्या विभागात दिवसभर पुरवठा बंद ठेवणे हेही याच प्रकारातले. तिसरा प्रकार तुमचा, म्हणजे इमारतीतला बिघाड. या शेवटच्या दोन प्रकारांत घरातला दोन-तीन दिवसांचा साठा खरोखर उपयोगी येतो.

टँकरवर मात्र भिस्त ठेवू नका. १०,००० लिटरचा एक टँकर वीस घरांत वाटला तर घरटी ५०० लिटर येतात, हे कागदावर छान दिसते. एप्रिल २०२५ मध्ये भूजलाच्या परवानगीच्या नियमांवरून मुंबईच्या टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या ज्या सोसायट्या उन्हाळाभर टँकरवर चालतात त्यांच्या सचिवांचे चेहरे मी पाहिले आहेत. आणि कोणी प्लंबर "नळाच्या लाइनलाच छोटी मोटार लावून देतो, दाब वाढेल" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते बेकायदेशीर आहे, शेजारच्या इमारतीचे पाणी तोडणारे आहे, आणि पाइपात दाब नसताना मोटारीने ओढले की फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे घाण पाणी आत शोषले जाते. तेच पाणी मग तुमच्या टाकीत उतरते.

गिलावा

सचिवांच्या म्हणण्यात एक भर. इमारतीला आगीसाठी राखीव टाकी असेल तर पाणीटंचाईत तिच्यातले पाणी उपसण्याचा ठराव कोणी मांडू नये. मी असे ठराव झालेले पाहिले आहेत.

कोरडा दिवस

मी निवृत्तीपर्यंत घरोघरी जाऊन पाण्याच्या टाक्यांत आणि पिंपांत डासांच्या अळ्या शोधण्याचे काम केले. हातात टॉर्च, खिशात ड्रॉपर आणि गच्चीवर जायची शिडी, एवढा संसार. त्यामुळे पाणी साठवण्याचा विषय निघाला की मला आधी झाकणे दिसतात.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास नाल्यातल्या पाण्यात फारसा जात नाही. त्याला तुम्ही पिंपात भरून ठेवलेले स्वच्छ, हलत नसलेले पाणीच हवे असते. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डासही टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत सात ते दहा दिवस लागतात, आणि आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असे सांगितले जाते ते या हिशेबाने. परंतु नुसते पाणी ओतून दिल्याने काम होत नाही, ही गोष्ट लोकांना पटवताना माझा घसा कोरडा व्हायचा. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, पिंपाच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ती काळी, खसखशीहून बारीक असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पिंप पुन्हा भरले की फुटतात. म्हणून पिंप रिकामे केल्यावर आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशाने वरपासून खालपर्यंत घासून, ते धुवून, शक्य असेल तर उन्हात वाळवून मगच भरावे.

घरच्या घरी तपासायचे असेल तर झाकण उघडून लगेच वाकू नका. टॉर्च तिरका धरा, क्षणभर थांबा आणि मग हाताची सावली पाण्यावर पाडा. अळ्या असतील तर सावली पडताच त्या वळवळत तळाकडे जातात आणि अर्ध्या-एक मिनिटाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. डोके खाली करून लटकलेली दिसली ती बहुधा एडिसची, आणि पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहिली ती ॲनोफिलिसची. दोन्ही नकोत. झाकण घट्ट बसत नसेल, आणि जुन्या पिंपांचे बसत नाहीच, तर धुतलेले सुती कापड तोंडावर ताणून दोरीने बांधा आणि वर झाकण ठेवा. घरात रांगणारे मूल येत-जात असेल तर झाकणाचा आणखी एक उपयोग आहे, तो स्पष्ट करून लिहीत नाही.

पाणी किती दिवस टिकते, हे मूळ प्रश्नात विचारले आहे. नळाच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून घातलेले थोडे क्लोरीन शिल्लक असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे असे आहे. हेच क्लोरीन साठ्यातल्या पाण्याचे रक्षण करते आणि उघड्या किंवा सारख्या उघडल्या जाणाऱ्या भांड्यातून ते एक-दोन दिवसांत उडून जाते. त्यानंतर पाणी लगेच खराब होत नाही, पण त्यात हात, पेला किंवा धूळ गेली तर तिला अडवणारे काही उरत नाही. म्हणून पिण्याचे पाणी रोज बदलावे, आणि पाणी गेलेले असताना दुसऱ्या दिवसापासून ते खळखळून उकळून घ्यावे. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तरी गॅस चालू राहू द्या. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या मात्रेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो आणि पाणी देखणे दिसते, पण जंतू मरत नाहीत. हा गैरसमज शिकलेल्या घरांतही मला भेटला आहे. गढूळ पाण्यात मात्र तुरटी आधी आणि क्लोरीन नंतर हा क्रम बरोबर आहे, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

दुसरे पिंप घेणार असाल तर भंगारवाल्याकडचे निळे पिंप घेऊ नका. त्यातले कितीतरी रसायनांचे असतात. चार वेळा धुतले तरी वास येतो, आणि काही रसायनांना वास नसतो, जे अधिक वाईट. नवे, खाद्यपदार्थांसाठी चालणारे, अपारदर्शक आणि शक्य तर गडद रंगाचे घ्या, कारण प्रकाश आत गेला की शेवाळ धरते.

तिसरा मजला

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री टॉर्च घेऊन माळ्याखाली पाहिले. भिंतीपासून सुमारे वीतभर अंतरावर एक सरळ तडा आहे, तिच्या कडेला तांबूस डाग आहेत आणि ठोकल्यावर तिथे मडक्यासारखा आवाज येतो. टाकीचा विचार सोडला आहे, उलट माळ्यावरच्या दोन ट्रंकाही खाली काढल्या आहेत. त्यांत काय आहे हे घरात कोणालाच आठवत नव्हते. सोसायटीच्या सचिवांना दुसऱ्या पंपाविषयी लिहून दिले आहे.

नवे पिंप घेतले. आता अडचण अशी आहे की आईला वाकून पाणी काढता येत नाही आणि स्वयंपाकघरातल्या पिंपात ओगराळे तळापर्यंत पोहोचतही नाही. पिंपाला खाली तोटी बसवून घेतली तर चालेल का? प्लंबर म्हणतो अगदी तळाला बसवू, म्हणजे सगळे पाणी निघेल.

मोरीकाठ

तोटी बसवा, पण अगदी तळाला नको. तळापासून चार बोटे वर बसवली की गाळ खाली राहतो आणि तोटीतून स्वच्छ पाणी येते. ते खालचे चार बोटे पाणी आठवड्याला पिंप घासताना संडासात जाते. पिंपाखाली तळहातभर उंचीचा विटांचा सपाट पाया करून घ्या, म्हणजे तोटीखाली तांब्या मावेल. आईंना बसून पाणी घ्यायचे असेल तर बाजूला पाट ठेवा.

गिलावा

विटांच्या पायाचे वजनही मोजा, आणि तो भिंतीलगतच करा. प्लंबर भोक पाडताना तापवलेली सळई वापरत असेल तर थांबवा, त्याने कडा वेडीवाकडी वितळते आणि तिथून पुढे तडकते. गोल कटरने भोक पाडायला सांगा. आतून एक आणि बाहेरून एक असे दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर घालून मग नट आवळावा. नुसत्या पांढऱ्या टेपवर विसंबू नये. पिंप पूर्ण भरून रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागद कुठे ओला झाला आहे त्यावरून वॉशर बसला की नाही ते कळेल.